बाहुली मोठी करून बघा

पुण्यात मी डोळ्यांची डॉक्टर आहे. पडदा, म्हणजे डोळ्याचा मागचा भाग, हे माझं मुख्य काम. किडनी, लिव्हर किंवा अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालेले पेशंट माझ्याकडे कित्येक वर्षं येताहेत. कुणी लातूरहून रात्रीच्या गाडीनं येतं, कुणी सोलापूर-नगरहून. त्यांच्या फाइली बघण्यासारख्या असतात. क्रिएटिनिनचे आकडे, टॅक्रोलिमस या औषधाच्या रक्तातल्या लेव्हल, सोनोग्राफी, सगळं तारखेवार लावलेलं. डोळ्यांचा कागद मात्र त्या फाइलीत क्वचितच सापडतो. तो तिथे असायलाच हवा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

१. औषधं कायमची, तर डोळ्यांची तपासणीही कायमची

१९५४ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. दोघांची शरीरं इतकी सारखी, की घेणाऱ्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागलीच नाहीत. आपल्या पेशंटांना असा जुळा भाऊ कुठला? आईची किडनी असली तरी शरीर ती परकीच मानतं. त्यानं तिच्यावर चालून जाऊ नये म्हणून टॅक्रोलिमस (थोडक्यात टॅक्रो), मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड अशी औषधं रोज घ्यावी लागतात.

डोळ्यांचे त्रास मग तीन वाटांनी येतात. काही या औषधांमुळे थेट होतात. काही दबलेल्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेऊन शिरलेल्या जंतूंमुळे. आणि काही जुनेच असतात: ज्या मधुमेहानं किंवा ब्लडप्रेशरनं किडनी घालवली, त्यानं पडद्यालाही हात लावलेला असतो. किडनी नवी बसली, पडदा तोच राहिला. त्यात स्टिरॉइड आणि टॅक्रो या दोन्हींनी साखर वाढते, त्यामुळे आधी मधुमेह नसलेल्यांनाही तो ऑपरेशननंतर जडू शकतो.

मी पेशंटांना सांगते ते असं: ऑपरेशनच्या आधी एकदा, नंतर तीन-चार महिन्यांनी एकदा आणि पुढे दरवर्षी, तक्रार असो वा नसो, बाहुली मोठी करून पडदा बघून घ्या. मधुमेह असेल तर त्याहून लवकर. त्यासाठी थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही, म्हणून सोबत कुणाला तरी आणा आणि स्कूटर स्वतः चालवत परत जाऊ नका. त्रास एवढाच. टॉर्च मारून 'डोळे ठीक आहेत' असं कुणी सांगितलं, तर ती तपासणी झालेली नाही.

२. पस्तिशीतही मोतीबिंदू होतो

'मॅडम, हे तर म्हाताऱ्या माणसांना होतं ना?' हा प्रश्न मी नेहमी ऐकते. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्यानं मोतीबिंदू होतो, हे १९६० साली संधिवाताच्या पेशंटांमध्ये नोंदवलं गेलं. तेव्हापासून ते निर्विवाद आहे. हा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला, अगदी मधोमध धरतो. म्हणून तक्रारही वेगळी असते. घरात, संध्याकाळी बरं दिसतं आणि भर उन्हात धुरकट. उन्हात बाहुली बारीक होते आणि उरलेली वाट नेमकी त्या डागानं अडवलेली असते. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे फुटल्यासारखे दिसतात. वाचताना त्रास होतो. चष्म्याचा नंबर बदलून यातलं काही सुधारत नाही.

उपाय सोपा आहे. भिंग बसवायचं नेहमीचंच ऑपरेशन करायचं, फक्त क्रिएटिनिन स्थिर असताना आणि किडनीच्या डॉक्टरांना विचारून. खरा धोका दुसराच. 'स्टिरॉइडनं मोतीबिंदू झाला' एवढं कानावर पडलं, की काहीजण ती गोळी परस्पर बंद करतात. तसं कधीही करू नका. मोतीबिंदू काढून चांगली दृष्टी परत मिळते. शरीरानं नाकारलेली किडनी तशी परत मिळत नाही.

३. काचबिंदू दुखत नाही

डोळ्यातलं पाणी सतत तयार होतं आणि एका बारीक जाळीतून वाहून जातं. काहींच्या बाबतीत स्टिरॉइडमुळे ही जाळी मोरीच्या जाळीसारखी तुंबते आणि डोळ्यातला दाब वाढतो. साधारण १० ते २१ हा नेहमीचा दाब. तो तिशीत गेला तरी पेशंटला काही कळत नाही. डोळा लाल नाही, दुखणं नाही, समोरचं अक्षर स्वच्छ. डोळ्याची नस मात्र कडेकडेनं मरत जाते, आणि मेलेली नस कुठल्याच उपचारानं जिवंत होत नाही. दाब मोजायला दोन मिनिटं लागतात. घरात आई, वडील, मामा, आत्या, कुणाला काचबिंदू असेल तर ते आपणहून सांगा, कारण अशा घरांत हा धोका जास्त असतो.

४. एकेक डोळा झाकून बघा

दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं उणं झाकतो. बाथरूमच्या फरशांच्या रेघा किंवा चौकटीच्या वहीचं पान आठवड्यातून एकदा आधी उजव्या, मग डाव्या डोळ्यानं बघावं. रेघ मध्येच वाकली, अक्षर लहान झालं, मधोमध राखाडी डाग दिसला, तर पडद्याखाली पाणी साठलेलं असू शकतं. स्टिरॉइड घेणाऱ्यांमध्ये हे दिसतं. ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये ते पाणी स्पष्ट येतं. यात घाई करून इंजेक्शन द्यायचं नसतं. स्टिरॉइडचं इंजेक्शन तर यात नुकसानच करतं. गोळीचा डोस कमी करता येईल का, हे किडनीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं असतं.

५. डोळा पांढरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

मराठवाड्यातला एक शेतकरी, किडनी बसवून पाच-सहा महिने झालेले. 'डोळ्यापुढं चिलटं उडतात, बाकी काही नाही बघा' असं म्हणत आला. गावाजवळच्या दुकानातून नवा चष्मा करून आणला होता, तरी चिलटं जात नव्हती. डोळा पांढरास्वच्छ. दुखत नव्हता, चिकटत नव्हता. बाहुली मोठी करून आत पाहिलं, तर पडद्यावर रक्तवाहिनीच्या कडेनं पांढरट, दाणेदार पट्टा पसरलेला आणि त्यात जागोजाग रक्त. तो पट्टा पडद्याच्या मध्यबिंदूपासून थोडाच दूर होता.

हा सीएमव्ही नावाचा विषाणू. नागिणीच्या विषाणूच्या कुळातला. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात तो लहानपणापासून निपचित पडून असतो आणि निरोगी माणसाला काही करत नाही. प्रतिकारशक्ती औषधांनी दाबली, की तो उठतो. म्हणूनच बऱ्याच पेशंटांना ऑपरेशननंतर तीन ते सहा महिने व्हॅलगॅनसायक्लोव्हिरच्या गोळ्या देतात. त्या महाग आहेत. काहींना त्या परवडत नाहीत आणि मध्येच सुटतात. गोळ्यांचा कोर्स संपल्यानंतरचे महिनेही जपण्याचे असतात.

आता पांढऱ्या डोळ्याचं कारण सांगते. डोळा लाल होतो, दुखतो, सुजतो, ते शरीर जंतूंशी लढतंय म्हणून. प्रत्यारोपणाच्या पेशंटमध्ये ती लढाईच आपण औषधांनी थोपवून धरलेली असते. संसर्ग आत पसरत राहतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. रक्तातून आलेली कँडिडासारखी बुरशीही अशीच, फारसा गाजावाजा न करता डोळ्यात घर करू शकते. त्यामुळे 'लाल झाला तर या' हा सल्ला या पेशंटांना पुरेसा नाही. चिलटं, ठिपके, जळमटं, एका बाजूनं पडदा ओढल्यासारखी सावली, यातलं काहीही नवीन दिसलं, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पडदा दाखवायचा. अमावास्या, लग्नघर, उसाची तोड, काहीही आड येऊ देऊ नये.

त्या शेतकऱ्याला डोळ्यात गॅनसायक्लोव्हिरची इंजेक्शनं दिली, पोटातून गोळ्या सुरू केल्या. या गोळ्यांनी पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून दर आठवड्याला रक्त तपासलं. किडनीच्या डॉक्टरांनी मायकोफेनोलेटचा डोस उतरवला. पट्टा थांबला. जिथे पडदा जळून गेला होता तिथली नजर गेलीच, पण मधली वाचली. विषाणूनं पातळ झालेला पडदा पुढे कधीही फाटून सुटू शकतो, म्हणून तो आजही तपासणीला येतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरची अक्षरं तो स्वतःच वाचतो.

६. डोळा चांगला, तरी दिसत नाही

वॉर्डातून बोलावणं आलं. लिव्हर बसवून थोडे दिवस झालेली एक तरुणी. सकाळपासून डोकं दुखत होतं, दुपारी झटका आला आणि नंतर तिला दिसेना. नवरा पलंगापाशी उभा होता, तिला त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. मी टॉर्च मारला, तर बाहुल्या चटकन आकसल्या. पडदा निर्मळ, नस गुलाबी. समोर धरलेली बोटं मात्र मोजता येत नव्हती. ब्लडप्रेशर खूप वाढलेलं होतं.

ही अडचण डोळ्याची नसून मेंदूच्या मागच्या भागाची होती. आपण बघतो ते तिथे उमटतं. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या काहींमध्ये तिथे सूज येते, विशेषतः ब्लडप्रेशर चढलेलं असताना. एमआरआयमध्ये ती सूज दिसली. तिच्या डॉक्टरांनी औषध बदललं, ब्लडप्रेशर उतरवलं आणि आठवडाभरात ती मोबाइलवरचे मेसेज वाचू लागली. वेळेत ओळखलं तर बहुतेकांची नजर अशी परत येते. डोकेदुखी, झटका आणि अचानक अंधारी ही तीन लक्षणं एकत्र आली, तर डोळ्यांचा दवाखाना शोधत फिरू नका, थेट प्रत्यारोपण केलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

७. 'मला ट्रान्सप्लांट झालंय' हे पहिलं वाक्य असू द्या

डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी किडनीला इजा करू शकते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सर्रास लिहिल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या या पेशंटांनी घ्यायच्या नसतात. त्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. डोळ्याचा दाब उतरवणारी डायमॉक्सची गोळी किडनी कमजोर असेल तर टाळावी लागते. डोळ्यातल्या बुरशीवर व्होरिकोनाझोल देतात. ते सुरू केलं की रक्तातलं टॅक्रो भराभर चढतं, इतकं की टॅक्रोचा डोस सुमारे एक तृतीयांशावर आणावा लागतो. तो कुणी उतरवला नाही, तर बुरशी जाईल आणि किडनी बिघडेल.

क्षयाच्या औषधाचं याच्या उलट. आपल्या देशात प्रत्यारोपणाच्या पेशंटला क्षय होणं दुर्मिळ नाही, कधी तो डोळ्याच्या आतही गाठ करतो. त्यावरच्या औषधांतलं रिफाम्पिसिन टॅक्रोची लेव्हल खाली पाडतं आणि शरीर अवयव नाकारायला लागतं. म्हणून अनेकदा त्याच्याऐवजी रिफाब्युटिन देतात. दुसरं औषध इथॅम्ब्युटॉल. ते किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी कमी चालत असेल तर साचत जातं आणि डोळ्याच्या नसेला बाधतं. पहिली खूण रंगांत दिसते, लाल आणि हिरवा फिके वाटू लागतात. एक पेशंट भाजीवाली होती. 'टोमॅटो पिकलाय की कच्चा, ते उचलून बघावं लागतं' असं ती सहज बोलता बोलता म्हणाली आणि त्या एका वाक्यावरून तिचं इथॅम्ब्युटॉल त्याच दिवशी बंद झालं. हे औषध घेणाऱ्या प्रत्येक प्रत्यारोपण झालेल्या पेशंटचे रंग आणि नजर दरमहा तपासावी, असा माझा आग्रह आहे.

अशी कुठलीही गोळी लिहिण्याआधी मी किडनीच्या डॉक्टरांना फोन लावते. पेशंटच्या समोरच. दोन डॉक्टर आपल्याबद्दल बोलताना ऐकले की त्यालाही कळतं, पुढच्या वेळी काय विचारायचं.

८. मेडिकलमधून परस्पर ड्रॉप्स आणू नका

उसाचं पान डोळ्याला लागतं, भात झोडताना तूस उडतं. गावात लगेच काही ना काही घातलं जातं: गुलाबपाणी, मध, एरंडेल. नाही तर मेडिकलमधून एखादे 'लाली घालवायचे' ड्रॉप्स. त्या ड्रॉप्समध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. लाली जाते, बरं वाटतं आणि पानावरून बुबुळात गेलेली बुरशी आत वाढत राहते. धडधाकट माणसाचा डोळासुद्धा यात जातो. ज्याची प्रतिकारशक्ती दबलेली आहे, त्याच्याकडे तर सावरायला वेळच नसतो. शेतात काम करणाऱ्यांनी साधा प्लास्टिकचा गॉगल लावावा. काही लागलंच, तर स्वच्छ पाण्यानं धुऊन, काहीही न घालता डॉक्टर गाठावा.

उन्हाचाही एक धोका आहे. बुबुळाच्या कडेला पांढरट, उंचवटा आलेला डाग वाढत असेल, तर तो 'मांस वाढलंय' म्हणून सोडून देऊ नये. दबलेल्या प्रतिकारशक्तीत तिथे कॅन्सर होऊ शकतो, आणि लवकर आलं तर तो बरा होतो.

९. नाकाकडे लक्ष द्या

नागीण कपाळावर आली आणि नाकाच्या शेंड्यावर फोड उठला, तर डोळाही धोक्यात आहे असं समजावं. नागीण मंत्रानं उतरवून घेण्यात पहिले तीन दिवस घालवू नयेत, कारण औषधाचा खरा उपयोग तेव्हाच असतो. आपल्याकडे २०२३ पासून मिळणारी, जिवंत विषाणू नसलेली नागिणीची लस प्रत्यारोपणाच्या पेशंटांना घेता येते. तिची वेळ किडनीच्या डॉक्टरांना विचारा.

आणि काळी बुरशी. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रानं ती पाहिली, पण प्रत्यारोपणाच्या पेशंटांना ती त्याआधीही होत होती आणि नंतरही होते. नाकातून काळी खपली, गाल बधिर, पापणी लोंबणं, एकाचे दोन दिसणं आणि साखर वाढलेली. इथे तास मोजायचे असतात.

१०. रडू येतं, पाणी येत नाही

ब्लड कॅन्सरसाठी भावाची किंवा बहिणीची अस्थिमज्जा घेतलेल्यांचं दुखणं वेगळं आहे. तिथे आलेल्या पेशीच घेणाऱ्याच्या शरीरावर उलटतात, आणि अश्रूंच्या ग्रंथी त्यांच्या तावडीत सापडतात. कॉलेजात शिकणारी एक मुलगी मला म्हणाली, 'आजी गेली तेव्हा सगळे रडत होते, माझे डोळे नुसते जळत होते.' तिच्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली. पाच मिनिटांत ती दहा मिलिमीटर तरी भिजायला हवी. तिची जेमतेम कडेला ओली झाली होती. बुबुळावर रंग टाकून पाहिलं, तर सगळीकडे हिरवे टिपके, म्हणजे सोललेली जागा.

असे डोळे कुणाला गंभीर वाटत नाहीत. जीव वाचला ना, मग डोळे कोरडे तर कोरडे, असं घरचेही म्हणतात. पण पंख्याखाली बसता येत नाही, वाचता येत नाही, सकाळी पापणी उघडताना बुबुळ खरवडून निघतं. तिच्या अश्रूंच्या बारीक भोकांना बूच बसवलं. तिच्याच रक्तातला सिरम काढून पातळ केलेले थेंब दिले. ते फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, प्रवासात थर्मासमधून न्यावे लागतात. पुढे पाणी भरून लावायची मोठी लेन्स मिळाली. आता ती पुन्हा वर्गात बसते. फळ्यावरचं उतरवून घेते.

११. कधी चांगली बातमीही डोळ्यातच दिसते

विल्सन आजारात लिव्हरमध्ये तांबं साठतं आणि बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडं उमटतं. लिव्हर बदललं की ते कडं सावकाश, काही वर्षांत फिकं होत जातं. प्रत्येक भेटीत स्लिट लॅम्पचा फोटो काढून आधीच्या फोटोशेजारी ठेवावा. पेशंटच्या आईवडिलांना तो दाखवताना मला फार बरं वाटतं.

१२. देणारीचेही डोळे तपासा

आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. माझ्या ओपीडीतल्या बाकावरही तेच दिसतं. मुलाची फाइल मांडीवर घेऊन बसलेली आई, नवऱ्याच्या गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ असलेली बायको. एकच किडनी उरलेल्या बाईचं ब्लडप्रेशर दरवर्षी बघायला हवं, आणि ब्लडप्रेशरच्या खुणा पडद्यावर स्पष्ट दिसतात. तिला विचारलं, 'मावशी, तुमचे डोळे कधी दाखवलेत?' तर उत्तर ठरलेलं: 'मला काय झालंय? तुम्ही याचं बघा.'

आमच्या काउंटरवर आता सांगून ठेवलं आहे. प्रत्यारोपणाचा पेशंट आला, की सोबतच्या माणसाला विचारायचं, अवयव तुम्ही दिलात का? हो म्हटलं, की त्यांचाही केसपेपर काढायचा आणि बाहुली मोठी करायचे थेंब दोघांनाही घालायचे. त्या दिवशी घरी न्यायला तिसरं माणूस लागतं, हे मात्र अपॉइंटमेंट देतानाच फोनवर सांगायचं.